पुढच्या शनिवारचा धडा

“एक, तीन, पाच. आणि पुढे?” बाबाने विचारलं.

“सात,” ठमी म्हणाली. गिटारच्या चौथ्या पट्टीपर्यंत जाता जाता तिची करंगळी घसरली आणि तार भद्द वाजली.

कोर्टाची भेटीची खोली. भिंतीवर रंग उडालेला जिराफ, छोट्या मुलांच्या छोट्या खुर्च्या, कोपऱ्यात फाईल उघडून बसलेल्या देखरेखीच्या बाई. दर शनिवारी अकरा ते बारा, बापलेकीच्या वाट्याला एवढाच वेळ आला होता. आज शेवटचा शनिवार. परवा ठमी आईबरोबर परदेशी निघाली होती. पुढची भेट थेट पुढच्या वर्षीच्या सुट्टीत.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. गिटार तो कुठे रीतसर शिकला नव्हता, पण हात बसलेला होता. सूरसुद्धा तो मजल्यांच्या हिशोबाने शिकवायचा: एकाआड एक मजला घ्यायचा आणि ते सूर एकत्र वाजवायचे. सात मजले चढलं की आठवा म्हणजे पुन्हा पहिलाच, फक्त उंचावरचा. नऊ म्हणजे दुसरा, अकरा म्हणजे चौथा, तेरा म्हणजे सहावा. तेच सूर, वर राहायला गेलेले.

आज तिला तेरापर्यंत न्यायचं, म्हणजे पोरगी कुठेही गेली तरी अडणार नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं. आणि ही बया सातवरच ठाण मांडून बसलेली! चार महिने हेच. दर शनिवारी मागचं विसरून यायची. त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता. आज घड्याळात पावणेबारा झाले आणि त्याचा तोल गेला.

“अगं, लक्ष कुठेय तुझं? चार महिने तेच ते! पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!”

बाईंनी मान वर केली. ठमीचं तोंड एवढंसं झालं. बाबाला तिथल्या तिथे जीभ हासडावीशी वाटली. शेवटच्या पाव तासात ओरडलो, आता पोर हेच बरोबर घेऊन जाणार.

ठमीने नाक ओढलं. गिटार मांडीवर नीट घेतली. चार बोटं चार तारांवर टेकली आणि वरून खाली हात फिरवला. एकही तार कुरकुरली नाही.

“एक, तीन, सात, नऊ,” ती खाली मान घालून म्हणाली. “पाच गाळला तरी चालतो ना?”

पाच गाळायचं बाबाने तिला कधी सांगितलंच नव्हतं.

“कधीपासून येतंय हे तुला?”

“तू सात दाखवलास ना, त्याच आठवड्यात बसवला. शाळेतल्या गिटारवर. नऊ संगीताच्या मॅडमनी दाखवला.”

“मग इथे येऊन चुकत का होतीस, बाळा?”

ठमी गिटारच्या कडेवर नखाने रेघ ओढत राहिली. मग म्हणाली, “मला सगळं आलं असतं, तर पुढच्या शनिवारी तू काय शिकवलं असतंस?”

बाबाने हात पुढे करून उगाच एक खुंटी पिळली. चांगली लागलेली तार उतरली.

“वेळ झाली,” बाई म्हणाल्या. दाराच्या काचेपलीकडे आई येऊन उभी होती.

“दोन मिनिटं, ताई. अकरा आणि तेरा राहिलेत फक्त.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फाईलमध्ये डोकं घातलं. बाबाने घाईघाईने गिटार स्वतःकडे ओढून घेतली, उतरलेली तार वर चढवली.

“हे बघ, पटकन. अकरा म्हणजे आपला चौथा…”

ठमीने तारांवर तळवा ठेवला. सूर दबला.

“अकरा येतो मला,” ती म्हणाली. उठली, दप्तर खांद्याला लावलं. आईने दार उघडून धरलं होतं. ठमी उंबऱ्यावर थांबली आणि वळली.

“तेरा नाही येत. आईशप्पथ, बाबा. तेरा मला अजिबात येत नाही.”