बाबांचा फणस

"हा भाजीला देऊन टाकू या का?" नीलमने सहज विचारल्यासारखं विचारलं.

फणसाला पहिलंच फळ धरलं होतं. गाझियाबादच्या त्या सोसायटीत फणस म्हणजे कटहल आणि कटहल म्हणजे भाजी. शेजारणी केव्हापासून मागत होत्या. पण नीलमच्या सासूबाई, सुमित्राबाई, ऐकेनात.

"पिकू दे. त्यांचं झाड आहे."

'ते' म्हणजे नीलमचे सासरे, काकासाहेब. फौजेतून निवृत्त होऊन मुलाकडे, राजवीरकडे, राहायला आलेले. गावी, आजऱ्याला, घरामागचा फणस भाऊबंदांनी वाटणीत तोडला, तेव्हा त्याच्या शेवटच्या आठळ्या ते इथे घेऊन आले आणि खिडकीखाली रोप वाढवलं. रोप कमरेएवढं झालं आणि ते गेले. थंडीत त्याला गोणपाट पांघरायचं काम मग नीलमकडे आलं.

पहिल्याच हिवाळ्यात तिने माती खाल्ली. सासूबाई गावी, राजवीर टूरवर आणि ही मैत्रिणीच्या लग्नाला पानिपतला. परतली तेव्हा रोप गारठून काळं पडलं होतं. तिने ते उपटलं, नर्सरीतून तेवढंच कलम आणलं आणि त्याच खड्ड्यात लावलं. कुणाला पत्ता लागला नाही. पण राजवीर रोज झाडाला हात लावून ऑफिसला निघायचा, तेव्हा तिला त्याच्याकडे बघवत नसे. अपराधी वाटायचं, आणि ते दरवर्षी झाडाबरोबर वाढतच गेलं.

आता तर उघडं पडायची वेळ आली होती. आजऱ्याचा फणस बरका होता, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचा. नर्सरीवाल्याने दिला होता कापा, कडक गऱ्यांचा. भाजीत हे खपून गेलं असतं. पिकल्यावर कसं लपणार?

फणस पिकला. घरभर वास सुटला. सुमित्राबाईंनी हाताला तेल चोळलं, विळी पुढे ओढली आणि पहिला गरा राजवीरला दिला. त्याने तो करकर चावून खाल्ला. दिल्लीत वाढलेल्या माणसाला कापा काय आणि बरका काय! त्याचे डोळे भरून आले.

"बिल्कुल गावची चव," तो म्हणाला. एक वाटी बाबांच्या फोटोपुढे ठेवून दुसरी शेजारी द्यायला गेला.

सुमित्राबाईंनी एक गरा सावकाश चावला. मग आठळ्या वेगळ्या काढू लागल्या. आठळ्यांची आमटी त्या झकास करत, स्वतः मात्र कधी खात नसत. पोटाला बाधते म्हणत.

नीलमला राहवलं नाही.

"आई, हे बाबांचं झाड नाही. ते मी मारलं. झाकायचं सोडून लग्नाला गेले. हे मी आणून लावलंय."

ती रडू लागली. सुमित्राबाईंनी दाराकडे पाहिलं. राजवीर अजून आला नव्हता.

"तू मारलंस तेही त्यांचं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "गावच्या आठळ्या त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवल्या होत्या. मला वाटलं, आमटीसाठीच. दुसऱ्या दिवशी लावायला मागितल्या, तेव्हा केरळच्या शेजारणीकडून आणून दिल्या."

"आणि गावच्या?"

"त्यांनीच खाल्ल्या. दोनदा वाढून घेतलं."