तीन अंडी

किसनरावांनी शिडीवर उभं राहून झाडावरच्या फळ्यांच्या पेटीचं मागचं झाकण वर केलं आणि आत बोट घातलं. तिन्ही अंडी जागच्या जागी होती. निळसर, तपकिरी ठिपक्यांची. पण गार. आदल्या दिवशी बोटाला लागलेली ऊब आज नव्हती.

त्यांनी झाकण लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. "गार पडले," ते पुटपुटले.

"तुमच्या हाताले जरा दम नाही," खालून गीताबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "दिवसातून धा येळा डोकावसान, तं पाखरू राहीन का तिथं?"

नवऱ्याची खोड त्यांना ठाऊक होती. अठ्ठावीस वर्षं किसनराव खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. बेअरिंग तापलं का, पट्टा सैल पडला का, दर तासाला हात लावून बघायचं. हंगाम संपून जिन बंद झाला की घरात त्यांना सुधरत नसे. त्या साली, चौसष्टच्या उन्हाळ्यात, त्यांनी चहाच्या जुन्या खोक्याच्या फळ्यांचं पाखरांसाठी घर केलं, परसातल्या निंबाला बांधलं, आणि आत बघता यावं म्हणून मागं झाकण ठेवलं. आठवड्याभरात दयाळ पक्ष्यांची जोडी राहायला आली.

केलं होतं सुनेसाठी. अन्नपूर्णेला सातवा लागला होता. आधीची दोन्ही मुलं आठव्यातच गेली, म्हणून या खेपेला नर्सबाईंनी तिला बाजेवरून उठायचीही मनाई केली होती. मुलगा मलकापूरला रेल्वेत, रविवारपुरता येणार. दिवसभर पडून पोरीनं करायचं काय? तिची बाज परसाच्या दाराशी टाकली, निंब समोर दिसेल अशी. लग्नाला चार वर्षं होऊनही सासरा दिसला की पदर ओढून गप्प होणारी अन्नपूर्णा त्या पाखरांपायी बोलती झाली होती.

"मामाजी, फुटले का अंडे?" आताही तिनं दारातून विचारलं.

गीताबाईंनी खालून पटकन ओठांवर बोट ठेवलं.

"फुटले," किसनराव म्हणाले. "तिन्ही फुटले. बोटाएवढाले पिल्लं हायेत."

अन्नपूर्णा हसली. एवढंच.

मग त्यांना काही चैन पडेना. बाजारात गेले आणि काय आणायचं ते विसरून परत आले. विहिरीचा रहाट चांगला फिरत होता, तरी उघडून तेल घातलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही, तरी आपणच जाऊन सांगितलं, "डोये उघडून राह्यले बरं का." तिसऱ्या दिवशी पिल्लांना पिसं फुटवली. आणखी आठ-दहा दिवस असंच रेटलं की उडून गेली म्हणता येईल, असा त्यांचा हिशेब. मधून मधून स्वयंपाकघरात डोकावून बायकोला विचारत, "पोरगी बरी हाय ना? पोट गिट दुखत नाही ना?" शेवटी गीताबाईंनी त्यांना हातातला झारा दाखवला.

चौथ्या दिवशी दुपारी गीताबाई दळण घेऊन गेल्या. अन्नपूर्णेचे डोळे मिटलेले दिसले. किसनराव शिडीवर चढले, तिन्ही अंडी हलकेच टोपीत घेतली आणि उतरले. कुंपणाच्या कडेला खड्डा करून पुरायची, म्हणजे निदान रोज त्यांच्याकडं बघण्यातून तरी सुटलो.

"मामाजी."

ते जागीच थबकले.

"ते अंडे इकडं आना जरा."

"कायचे अंडे?"

"मी दिवसभर तिकडंच पाहून राह्यली ना," ती म्हणाली. "मादी चार दिवसांपासून आत गेलीच नाही. पिल्लं असते तं चोचीत चारा घेऊन आली असती."

निंबाच्या शेंड्यावर नर तेवढा शीळ घालत होता. किसनरावांना टोपी कुठं ठेवावी ते कळेना.

"मंग बोलली काऊन नाही तू?"

"तुमी इतकं जीव लावून सांगून राह्यले होते."

ते दारापर्यंत आले. "राहू दे, बेटा. अशा दिवसात पाहू नये मनतात."

"दाखवा."

त्यांनी टोपी पुढं केली. तिनं एक अंडं उचलून तळहातावर घेतलं, अंगठ्यानं हळूच फिरवलं. बराच वेळ पाहत राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं सावरला नाही.

"माह्या दोन्ही येळी मले कोनी दाखवलंच नाही," ती म्हणाली. "डोये उघडले तं समदं आवरलेलं होतं. मी रडीन मनून कोनी काही सांगतलंबी नाही. पोरगा होता का पोरगी, मले आजून ठाऊक नाही."

दोन्ही खेपेला ते मूल कापडात गुंडाळून नाल्याच्या काठी पुरायला किसनरावच घेऊन गेले होते. एकटे. घरी आल्यावर त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी तोंड उघडलं नव्हतं.

शिडी झाडाला तशीच लावलेली होती. ती उचलून ठेवायला हवी होती. त्यांनी एकदा तिकडं पाहिलं. मग टोपी जपून मांडीवर घेत ते उंबऱ्यावरच खाली बसले.

"पयली पोरगी होती," ते म्हणाले. "केस लय होते तिले. काये कुट्ट."

अन्नपूर्णा त्यांच्या बाजूला कुशीवर वळली.

"आजून सांगा, मामाजी."