मानाची जागा

दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची. तिथे प्रसूती विभागाच्या डॉक्टर अनारकुलना बसवलं आणि दोन्ही अंगांना माणसं दाटीनं बसली. मान द्यावा तर असा, की माणसाला उठून जाता येऊ नये.

जिल्हा रुग्णालयाचा कारभार हाती आला म्हणून नवे संचालक उलानबेक यांनी मेंढा कापला होता. याआधी ते सिमेंटच्या कारखान्यात होते. एक डिसेंबरपासून प्रसूती विभाग खिंडीपलीकडच्या शहरात जाणार, हे त्यांनी मटण वाढून झाल्यावर सांगितलं. भरल्या तोंडानं कोणी वाद घालत नाही.

"डिसेंबरात खिंड बंद होते," डॉक्टर म्हणाल्या.

"एजे, तुम्ही आम्हाला थोरल्या बहिणीच्या जागी. तुमच्या शब्दाबाहेर आम्ही आहोत का?" उलानबेकनी शेपटाकडचा मानाचा तुकडा स्वतः त्यांच्या पुढ्यात ठेवला. "आधी खाऊन घ्या. गार होतंय."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारतोच आहे की. सगळ्यांसमोर."

"ठरवून झाल्यावर?"

"ठरल्याशिवाय विचारणार तरी काय, एजे?"

सगळे हसले. कारकून तुरात जरा जास्तच.

चहा ओतत फिरणारी जिपार हसली नाही. ती त्याच विभागातली आया. तिला सातवा महिना होता.

डॉक्टरांनी तिच्याकडे बोट केलं. "हिचे दिवस जानेवारीत भरतात. हिला कोण नेणार?"

"हेलिकॉप्टर मागवू."

"मागच्या हिवाळ्यातही मागवलं होतं."

"मग? आलं ना?"

"आलं. एप्रिलात."

या वेळी कोणी हसलं नाही. उलानबेकनी सावकाश हात पुसले. "चला एजे, इथं सगळ्यांत वडील तुम्ही. जेवणाची दुआ तुम्हीच म्हणा."

दुआ झाली की पंगत उठते, आणि पंगतीतला विषयही. वडील माणसानं ती नाकारणं म्हणजे खाल्ल्या अन्नावर थुंकणं. डॉक्टर काही बोलायच्या आत वीस-बावीस जणांनी ओंजळी पुढे धरल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांना अनारकुलनीच या जगात आणलं होतं. तुरातला तर पायाकडून.

त्यांनी हात उघडले. 

"खिंड मोकळी होईपर्यंत," त्या म्हणाल्या, "कुणा बाईला कळा न येवोत."

"ओमिन," उलानबेक सगळ्यांच्या आधी म्हणाले.

"ओमिन," पंगत म्हणाली आणि सगळ्यांचे हात चेहऱ्यांवरून फिरले. तुरातनं वही ओढली आणि लिहिलं : वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या आशीर्वादानं, एकमतानं मंजूर.

जिपारच्या एका हातात चहाची किटली होती. दुसरा चेहऱ्यापर्यंत गेलाच नाही. पोटावरच राहिला.