बावीस तुकडे

पिशवीतून टोमॅटो निघतच राहिले, तेव्हा ती हातातली शिवण ठेवून ओट्याशी आली.

घरात माणसं तीन. ती, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. ओट्यावर टोमॅटो चार किलो, लिंबं डझनभर, लसणाचे गड्डे आठ. मग त्याने कागदाची पुडकी सोडली आणि माशाचे तुकडे परातीत मांडायला घेतले. तिने मनातल्या मनात मोजले. बावीस भरले.

झालं, ती मनाशी म्हणाली. हा चालला.

नवरा मालवाहू जहाजावर आचारी. जहाजावर माणसं बावीस, त्यामुळे अकरा वर्षांत त्याचा हात बावीसवर बसलेला. सुट्टीवर आला की पहिल्या दिवशी गाव जेवायला बोलावल्यासारखं रांधायचा, आणि मग तिघं आठवडाभर तेच गरम करून खायचे. हळूहळू हात आखडायचा. पंधरा, दहा, सहा. नेमका तिघांवर आला, की कंपनीचं बोलावणं यायचं. ते आल्याचं तो तोंडाने कधी सांगायचा नाही, माणूसच घुम्या. पण दुसऱ्या दिवशी पातेलं मोठं निघायचं आणि तिला कळायचं. बॅग नंतर निघायची.

ती घरी शिवणकाम करायची. गिऱ्हाइकाचं माप नुसत्या नजरेने सांगायची. नवऱ्याचं ओळखायला टेप कशाला हवी?

यंदा तिने एक वाक्य तयार ठेवलं होतं. आता पुरे, जाऊ नकोस. एवढंच. आज सांगते, उद्या सांगते करता करता तीन महिने गेले आणि हे टोमॅटो येऊन पडले. तिला त्याचा आला त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"माणसं तीन आहेत घरात," ती म्हणाली.

"माहीत आहे की. वीस मिनिटांचं काम आहे, आठला बसू जेवायला."

लेक दारात आली. परातीकडे बघितलं आणि आपल्या खोलीत गेली. मोजायला तीही शिकली होती.

भूमध्य समुद्राकाठच्या एका बंदरात जहाज महिनाभर अडकलं होतं, तेव्हा तिथल्या क्रेनवाल्याच्या बायकोकडून तो हा मासा शिकला होता. आधी त्याने सगळे तुकडे फडक्याने टिपून कोरडे केले, मीठ-मिरी लावली. दोन पसरट कढयांत ऑलिव्हचं तेल तापलं. लसणाच्या चकत्या सोनेरी झाल्या, तसे अर्धे चिरलेले टोमॅटो आत गेले. ते फुटून रस सुटला, मग काळे ऑलिव्ह, मग वर मासा आणि त्यावर झाकण. आठ मिनिटं तो शिट्टीवर काहीतरी वाजवत उभा राहिला. जाणाऱ्या माणसाला शिट्टी सुचते कशी, तिला कळेना. झाकण काढून त्याने लिंबं पिळली, आणि असा काही वास सुटला की एवढ्या रागातही तिच्या तोंडाला पाणी सुटलं. हे तर तिला फारच अपमानाचं वाटलं.

आठला बेल वाजली. दारात आख्खी बिल्डिंग उभी. तळमजल्यावरचे घड्याळजी, डोळे अधू झाले म्हणून ज्यांनी खालचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं होतं ते. समोरच्या गणिताच्या बाई आणि त्यांचे मिस्टर. वरचं सात जणांचं बिऱ्हाड. प्रत्येकाच्या हातात आपापली ताटली, काहींच्या डोक्यावर खुर्च्या. पाहुणे एकोणीस आणि घरचे तीन.

म्हणजे निरोपाचं जेवण. साऱ्या जगाला सांगून झालं, बायकोला तेवढं सांगायचं राहिलं.

ती ओठ घट्ट मिटून वाढत राहिली. गणिताच्या बाईंनी रस्सा दोनदा मागून घेतला. घड्याळजी पावाने ताटली अशी पुसत होते की घासायचं काम उरू नये. नवरा मात्र जेवत नव्हता. हातात पळी धरून, निकाल लागायचा असावा तसा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

तिला राहवेना.

"आता पुरे," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "जाऊ नकोस."

लेकीने हातातला घास खाली ठेवला.

"जायला तर लागणार," तो म्हणाला. "उद्या सकाळी नऊला."

"आणि परत कधी?"

त्याने घड्याळजींकडे बघितलं. घड्याळजींनी बोटं पुसली, खिशातून एक किल्ली काढली आणि तिच्या ताटलीशेजारी ठेवली.

"माझ्या दुकानाची," ते म्हणाले. "महिनाभर मागे लागलाय. मी म्हटलं, आधी खाऊन बघेन, मगच देईन. काढ रे बाबा, खुशाल काढ खानावळ."

"जहाजाला नाही म्हणून कळवून टाकलं," नवरा म्हणाला. "मासा इथे पास होतो की नाही ते बघायचं होतं, म्हणून बोललो नाही. खाली बावीस माणसं बसतात. मोजलीत मी."

ती एकदा किल्लीकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. आनंद इतका झाला होता की आधी हसावं की आधी झोडपावं, ते ठरेना. डोळे पुसून तिने आवाज शक्य तितका कडक केला.

"परत कधी, ते सांगितलं नाहीस अजून."

"रात्री दहाला," तो म्हणाला. "रोज."