आठवा दिवा

लोहाऱ्याच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या नव्या प्रेसची जोडणी चालू होती. पद्धत साधी होती. फिटर शामनं एकेका सेन्सरवर हात धरून "झाला!" म्हणून ओरडायचं, आणि पॅनेलवर जो दिवा लागेल त्याच्यापुढं इंजिनियर नयननं लॅपटॉपवर त्या सेन्सरचं नाव भरायचं.

सेन्सर सात होते, पॅनेलवर चॅनेल आणि त्यांचे दिवे आठ. आठव्याला वायरच नव्हती. पण लॅपटॉप एकही रकाना रिकामा सोडू देईना, म्हणून नयननं गमतीनं तिथं 'शाम' लिहिलं.

आठवा दिवा लागला.

शाम सुपारी-तंबाखूचा खर्रा आणायला गेटबाहेर गेला, दिवा विझला. परत आला, लागला. दोघांनी आणखी चारदा खात्री केली, कारण जेवायच्या सुट्टीला वेळ होता.

"बबिताले सांगतो, साहेबानं मले मशीनमंदी घातलं," शाम खुशीत म्हणाला. बायकोला सांगण्यासारखं त्याच्याकडं क्वचितच काही असे.

नयनला मात्र ते बरं वाटेना. तो नाव खोडायला वाकला.

"खोडू नका ना साहेब," मागून खर्रा घोटत शाम म्हणाला. "मंग माहं काय होईन?"

नयननं हात मागं घेतला. नाव होतं तिथंच होतं. दिवा तेवढा विझला.

त्यानं पॅनेलवर टिचकी मारली. दिवा लागला नाही. मागं खर्रा घोटायचा आवाज थांबला.

"साहेब," शाम हळूच म्हणाला, "मी दिसून राह्यलो ना तुमाले?"

"हो," नयन म्हणाला. मागं वळायची त्याची हिंमत झाली नाही.