ओळखीचा आवाज

इंटर्नशिप संपत आली, तशी मैत्रीण तिला टोचून म्हणाली, "नुसती मान खाली घालून शेअरचे आकडे भरत बसलीस, तर नोकरीला मुकशील बाई. साहेबलोकांशी ओळख काढ!" तिनं धीर केला आणि कॉफीच्या मशिनपाशी गुंतवणूक विभागाच्या मोठ्या साहेबांना गाठलं. "सर, दोन मिनिटं बोलू?" एवढंच ती म्हणाली, तर हातातला कॉफीचा कप घेऊन ते गर्रकन वळले.

"तुझा आवाज कुठं ऐकलाय गं मी?"

"लहानपणी मी इथं फोन करायचे सर, बाबा निघाले का विचारायला. तुम्ही म्हणायचात, 'निघालेच बघ, बाळा.' बाबा इथं खुर्चीतच गेले, त्या संध्याकाळीही तेच म्हणालात."

साहेबांनी कप मशिनवर ठेवून दिला.



"नोकरी देतो पोरी. फक्त मला कधी फोन करू नकोस."