डाळीला ऊन

"सहा?" डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. "व्हिटॅमिन डी इतकं कमी? कधी उन्हात बसत नाही का तुम्ही?"

वैजयंताला दमलेलं हसू आलं. तूरडाळ, मिरच्या, गाद्या, लोणच्याची बरणी, घरातल्या प्रत्येक वस्तूला तिनं ऊन दाखवलं होतं. गच्चीवर पसरायचं आणि स्वयंपाकघरात पळायचं.

घरी येऊन तिनं रिपोर्ट फ्रिजवर ठेवला. कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डाळ पसरल्यावर ती चादरीच्या कडेलाच बसली आणि ठणकणारे पाय तिनं उन्हात सोडले.

खालून सासूबाईंची हाक आली, "डाळ पसरायला एवढा वेळ? चहा कोण टाकणार?"

ती हलली नाही.

बऱ्याच वेळानं जिन्यात कण्हणं ऐकू आलं. एकेक पायरी चढत सासूबाई दोन कप घेऊन आल्या.

"सरक जरा," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी माझं पाच आलं होतं."